धर्मराज जिंकला असता तर?

नववीच्या वर्गात मी सभापर्वातली द्यूताची कथा सांगत होतो. तास मराठीचा, आणि धड्यात द्रौपदीचा उल्लेख जेमतेम एका ओळीचा. पण मागची-पुढची कथा सांगितल्यावाचून मला राहवत नाही, आणि खरे सांगायचे तर त्यात मुलांच्या हितापेक्षा माझी हौसच अधिक असते. राज्य गेले, नकुल-सहदेव गेले, अर्जुन-भीम गेले, अखेर धर्मराज स्वतःलाच पणाला लावून हरला. आणि मग शकुनीने त्याला सुचवले की, अजून द्रौपदी उरली आहे, तिला लाव आणि तिच्या बळावर स्वतःला सोडवून घे. वर्ग अगदी चिडीचूप झाला होता. इतक्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ही मुलगी नाव विचारले तरी खाली बघून सांगते. ती म्हणाली, "सर, आणि तो डाव धर्मराज जिंकला असता तर?"

"पण तो जिंकला नाही ना!" मी म्हणालो.

वर्ग हसला. ती मुकाट्याने खाली बसली. तेवढ्यात घंटा झाली. आजवरच्या मास्तरकीत या घंटेने मला जितक्या वेळा वाचवले आहे तितके दुसऱ्या कोणी वाचवले नसेल.

तो प्रश्न मी विसरून गेलो. पुन्हा आठवला तो यंदाच्या मे महिन्यात, पणजीला, मांडवी नदीत नांगरून ठेवलेल्या एका जुगाराच्या जहाजावर, सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमाराला.

दिवाळीच्या अंकात जुगाराची गोष्ट कशाला, असे एखाद्या वडीलधाऱ्या वाचकाच्या मनात येईल. पण आपल्याच पंचांगाने या सणात जुगाराला एक दिवस नेमून दिला आहे. पाडव्याचे, म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदेचे, एक नाव द्यूतप्रतिपदा असे आहे. त्या दिवशी शंकर-पार्वती सारीपाट खेळले आणि देवाधिदेव हरले, अशी कथा आहे. आणि त्या दिवशी जो जिंकतो त्याचे सारे वर्ष चांगले जाते, अशी समजूत. आमच्या घरी पाडव्याला संध्याकाळी ओवाळणे झाले की पत्त्यांचा डाव मांडला जाई. पणाला चिंचोके. माझी आत्या त्या डावाची अनभिषिक्त राणी होती. ती आम्हां मुलांना पुरते लुटी, आणि निजायच्या आधी प्रत्येकाचे चिंचोके मोजून परत करी. आम्हांला ते मुळीच आवडत नसे. परत मिळणारच असतील तर हरण्यात काय अर्थ, असे आम्हांला वाटे. आत्याचे म्हणणे असे की, दुसऱ्याचा चिंचोकासुद्धा रात्रभर आपल्या घरात राहू नये.

त्याच आत्याचे पैसे मी त्या जहाजावर पणाला लावले.

हे कसे घडले ते सांगायला हवे. माझ्या मेव्हण्याचा बांधकामाच्या सामानाचा धंदा आहे आणि तो यंदा बरा चालला. त्याने दोन्ही कुटुंबांना चार दिवस गोव्याला नेण्याचा घाट घातला. गाडी त्याची, राहण्याचा खर्च त्याचा. "भाऊजी, तुम्ही कादंबऱ्या लिहिता," तो मला म्हणाला, "कॅसिनो बघितल्याशिवाय माणसाचा स्वभाव कळायचा नाही तुम्हांला." हे वाक्य माझ्या अहंकाराला नेमके जाऊन लागले. मी पाच हजार रुपये वेगळे काढले, ते गेले तर गेले असे स्वतःला बजावले आणि त्या आकड्याला 'शिक्षणाचा खर्च' असे नाव दिले. माणूस पापाला निघतो तेव्हा प्रथम हिशेबाच्या वहीत त्याचे नाव बदलतो.

निघायच्या आदल्या दिवशी आत्याने माझ्या हाती एक पाकीट दिले. तिच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट पार पडले, तर कवळ्याच्या शांतादुर्गेची ओटी भरीन आणि अभिषेक करीन, असा तिने नवस केला होता. आमसुले आणि कोकमाचे आगळ विकून साठवलेले ते तीन हजार रुपये. बहुतेक शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा, घड्या पडलेल्या, एक-दोघींना हळदीकुंकवाचे बोट लागलेले. वर एक रुपयाचे नाणे. पाकिटावर तिने स्वतःच्या हाताने नाव आणि गोत्र लिहिले होते. अक्षर तिरपे, पण वाचता येईल असे. "माझ्याच्याने आता एवढा प्रवास व्हायचा नाही," ती म्हणाली, "तू देवीला सांग, आत्येला दिसायला लागलंय म्हणून."

गोव्यात ही जहाजे कशी आली, त्याची हकीकत मोठी मजेदार आहे. सार्वजनिक जुगाराला बंदी करणारा तिथला कायदा 1976 सालचा. त्याच कायद्यात 1992 साली एक पोटकलम घालून पंचतारांकित हॉटेलांत नाणी टाकायच्या यंत्रांना परवानगी मिळाली, आणि 1996 साली पाण्यावरच्या जहाजांना. म्हणजे बंदीच्या कायद्याच्या पोटातच परवानगी जन्माला आली. आपल्या महाराष्ट्राचे याहून वेगळे. आपल्याकडेही 1976 सालीच कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर ठेवणारा कायदा झाला, पण तो एक दिवसही अमलात आला नाही, आणि 2023 साली विधिमंडळाने तो रद्द करून टाकला. सत्तेचाळीस वर्षे कपाटात राहिलेला असा कायदा पाहिला, की मला आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या न उघडलेल्या पेट्या आठवतात. गोव्यात आणखी एक गंमत आहे. 2020 सालापासून खुद्द गोवेकरांना या कॅसिनोंत खेळायला मनाई आहे. युरोपात मोनॅकोच्या नागरिकांनाही मोंटे कार्लोच्या जगप्रसिद्ध जुगारगृहात खेळता येत नाही. हलवायाने आपल्या मुलांना सांगावे की, बाबांनो, आपल्या दुकानातली मिठाई तेवढी खाऊ नका, तसा हा प्रकार. त्यावरून पाहुण्यांनी काय ते ओळखावे. पण पाहुणे ओळखत नाहीत. आम्हीही ओळखले नाही.

धक्क्यावरून लहान लाँचमध्ये बसायचे आणि जहाजावर चढायचे. वर गालिचे, दिवे, खाणेपिणे, गाणे. पहिल्या रात्री मी चार हजार दोनशे रुपये जिंकलो. परतताना मला मांडवीवरचा वारासुद्धा माझ्यासाठी सुटला आहे असे वाटले. दुसऱ्या रात्री ते गेले, आणि वर माझे साडेतीन हजार गेले. या दोन रात्रींविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही. जिंकणारा आणि हरणारा दोघेही फार कंटाळवाणे असतात, आणि मी दोन्ही होतो.

शेवटचा दिवस मात्र निराळा असतो. प्रवासाच्या पहिल्या दिवशी माणूस जिंकायला बसतो. शेवटच्या दिवशी तो बरोबरी करायला बसतो. त्याला आता श्रीमंत व्हायचे नसते. तो नशिबाला अगदी अजिजीने म्हणतो, मला काही नको. मी आलो तेव्हा जसा होतो तसा मला घरी जाऊ दे. ही मागणी दिसायला किती साधी, किती विनयाची! पण वस्तुतः तिच्याइतकी उद्धट मागणी नाही. जे घडले ते घडलेच नाही असे व्हावे, एवढेच तिचे म्हणणे असते. विश्वामित्राने प्रतिसृष्टी निर्माण करायला घेतली, पण झालेला काल पुसावा असे त्यालाही सुचले नाही. आणि शकुनीने धर्मराजाला दाखवलेले आमिष तरी काय होते? नवे राज्य नव्हे. स्वतःला सोडवून घे, एवढेच.

त्या दिवशी सायंकाळी घरी निघायचे होते. दुपारी कवळ्याला जायचे ठरले होते. सकाळी दोघी नणंद-भावजया मुलांना घेऊन अठरा जून रस्त्यावर खरेदीला गेल्या आणि आम्ही दोघे 'तासाभरात येतो' म्हणून धक्क्यावर गेलो. जहाजावर दिवसाची गर्दी कमी होती. रात्री जे गालिचे झळकत होते त्यांच्यावर सिगारेटने जळलेले डाग दिसत होते. माझ्याजवळ उरले होते दीड हजार. ते चाळीस मिनिटांत गेले.

ते जाणे गणिताला धरूनच होते. रूलेटच्या चाकावर शून्य ते छत्तीस अशी 37 घरे असतात. काही ठिकाणी दोन शून्ये, म्हणजे 38. त्यांत 18 लाल, 18 काळी आणि शून्य हिरवे. लालावर किंवा काळ्यावर लावले आणि आले तर लावल्याइतकेच आणखी मिळतात. पण ते हिरवे शून्य मालकाचे. एका शून्याच्या चाकावर दर शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे मालकाच्या घरात जातात, आणि तेवढ्यावर हे गालिचे, हे गाणे, हे जेवण चालते. कोणी फसवत नाही. फसवण्याची गरजच नसते. शकुनीच्या फाशांविषयी आपण जे बोलतो ते या चाकाविषयी बोलता येत नाही, आणि म्हणून शिव्या द्यायलाही कोणी सापडत नाही.

मी उठायला हवे होते. उठलो नाही, कारण लाल सहा वेळा लागोपाठ आले होते. आता काळे येणारच, असे मला वाटले. 18 ऑगस्ट 1913 रोजी मोंटे कार्लोच्या एका चाकावर काळे लागोपाठ सव्वीस वेळा आले आणि 'आता लाल येणारच' म्हणून लावणारे लोक लाखो फ्रँकांना बुडाले, ही हकीकत मला ठाऊक होती. चाकाला मागचे काही आठवत नसते, हे मी शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांशी वाद घालून शिकलो होतो. पण ज्ञान डोक्यात असते आणि हात खांद्यापासून सुरू होतो.

माझा हात शबनम पिशवीत गेला. पाकिटाला लागला.

त्या क्षणी मी काय विचार केला, हे शक्य तितक्या प्रामाणिकपणे सांगतो. 'हे पैसे मी घेत नाही. फक्त वापरतो आहे,' हा पहिला विचार. 'गेले तर पगार झाल्यावर मनीऑर्डरने देवीला पाठवीन,' हा दुसरा. महिनाअखेर होती, बँकेत माझ्या खात्यावर काही नव्हते. मेव्हण्याकडे मागायची लाज वाटत होती. म्हणजे पहा, मेव्हण्याकडे उसने मागायला मला लाज वाटली, आणि आत्याकडे न मागता घ्यायला वाटली नाही. मी पाकिटातून तीन हजार काढले. नाणे आत राहू दिले. ते का राहू दिले, याचे उत्तर मला आजही देता येत नाही. बहुधा पाकीट अगदी रिकामे झाले असे माझे मलाच म्हणता येऊ नये म्हणून.

टेबलावरच्या मुलीने त्या चुरगळलेल्या नोटा एकेक सरळ करून मोजल्या. मला घाम फुटला होता. मग तिने एका चपट्या पट्टीने त्या टेबलाच्या फटीतून खाली सारल्या. हळदीकुंकवाचे बोट लागलेली नोट सर्वांत शेवटी गेली. तीन हजारांच्या चिप्स मी काळ्यावर ठेवल्या. चाक फिरले. तेवढ्या वेळात मला मागल्या बाकावरची ती मुलगी दिसली, असे मी म्हटले तर कादंबरीकाराची सवय म्हणून वाचक हसतील. पण ती दिसली.

काळे आले.

मेव्हण्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "भाऊजी, आत्याबाईंच्या पैशाला गुण आहे! आणखी एकदा लावा." त्याने सारे पाहिले होते तर! मी चिप्स गोळा केल्या, खिडकीवर जाऊन पैसे घेतले आणि तीन हजार पाकिटात घातले. कोऱ्या करकरीत पाचशेच्या सहा नोटा. पाकीट आता पूर्वीपेक्षा सडपातळ दिसत होते.

दुपारी आम्ही कवळ्याला गेलो. शंकर आणि विष्णू यांचे युद्ध जिने मधे पडून शांत केले ती ही देवी. पोर्तुगीजांच्या छळापासून वाचवण्यासाठी भक्तांनी तिला सोळाव्या शतकात केळशीहून इकडे आणले. सौभाग्यवतीने ओटी भरली, मी आत्याच्या नावाने अभिषेकाची पावती केली आणि देवीला सांगितले की, आत्येला आता दिसते. त्याहून अधिक काही सांगितले नाही. तिला ठाऊक असावे, असे मानून चाललो.

घरी आल्यावर आत्याने पावती हातात घेतली, डोळ्यांना लावली, मग हात लांब करून निरखली. "माझं नाव वाचता येतंय रे मला," ती म्हणाली. गोव्याहून आणलेले काजू तिने दोन तोंडात टाकले. "महाग पडले असतील," म्हणाली. ते त्याच तीन हजारांतून घेतले होते, जे मी तिच्या पैशांवर मिळवले. उरलेले पेट्रोलात आणि मुलांच्या आइस्क्रीमात गेले.

आता प्रश्न असा : यात वाईट काय झाले?

मेव्हण्याचे उत्तर तयार आहे. कुणाचे नुकसान झाले नाही. देवीला मिळायचे ते मिळाले, आत्येला पावती मिळाली, मुलांना आइस्क्रीम मिळाले. पापाला निदान एक तरी दुखावलेला माणूस लागतो. तो आण, मग बोलू. हा युक्तिवाद इतका बळकट आहे की मी पुष्कळ दिवस त्याच्या आश्रयाने राहिलो. मग एका संध्याकाळी आमच्या शेजारच्या वकिलांकडे, दुसऱ्या कोणाची म्हणून, ही गोष्ट सांगितली. (वकिलांना अशा गोष्टी 'दुसऱ्या कोणाच्या' म्हणूनच सांगायच्या असतात आणि ते त्या तशाच ऐकतात.) ते म्हणाले, कायद्याला यात मुळीच संदेह नाही. 1860 च्या दंडसंहितेच्या 403 व्या कलमाखाली स्पष्टच म्हटले होते की, दुसऱ्याची चीज अप्रामाणिकपणे थोड्या काळापुरती वापरणे हीही अफरातफरच. आणि 1 जुलै 2024 पासून जी न्याय संहिता लागू झाली तिच्या 314 व्या कलमातही हेच आहे. तिथे उदाहरणही दिले आहे. दुसऱ्याची हुंडीसारखी चिठ्ठी एकाला सापडते. ती कोणाची हे त्याला माहीत असते. तो ती सावकाराकडे गहाण ठेवून कर्ज काढतो, पुढे परत करण्याच्या इराद्याने. तरी तो गुन्हेगार. परत केली की नाही, हे कायदा विचारीत बसत नाही. वर वकीलसाहेब असेही म्हणाले की, ज्याच्यावर विश्वास टाकला त्याने त्या विश्वासाच्या आधारे काही नफा मिळवला तर तो मूळ मालकाचा, हे 1882 च्या ट्रस्ट कायद्याचे धोरण आहे. म्हणजे ते काजूसुद्धा आत्याचेच होते. तिच्याच काजूंबद्दल तिने मला 'महाग पडले असतील' म्हणून हळहळ दाखवली.

पण कायद्याच्या उत्तराने माझे समाधान होत नाही. द्रौपदीचेही झाले नाही. तिने सभेला विचारले ते कायद्याच्याच भाषेत : धर्मराज आधी स्वतःला हरला की मला? स्वतःला आधी हरला असेल तर दासाला पण लावण्याचा अधिकार कुठला? इरावतीबाई कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये या प्रश्नाची फार कठोर चिकित्सा केली आहे. तो विचारण्यातच द्रौपदीची चूक झाली, असे त्यांचे मत. मी त्या वादात पडत नाही. मला एवढेच दिसते की, हा प्रश्न विचारला गेला तो डाव गेल्यामुळे. काळे आले असते तर?

कल्पना करून पहा. फासे धर्मराजाच्या बाजूने पडले. तो सुटला, मग त्याच जोरावर एकेक भाऊ सुटला. सभा संपली. तो अंतःपुरात आला. द्रौपदीने विचारले, "काय झाले आज?" तो म्हणाला, "थोडे वर-खाली झाले, पण अखेर सारे जमले." तिने त्याच्या पुढे दूध ठेवले. महाभारतात यावर एक श्लोकही नसता. भीष्माला धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणण्याची पाळी आली नसती आणि विकर्णाला भर सभेत उभे राहावे लागले नसते. आणि तरीसुद्धा त्या स्त्रीला एका चालीपुरते, फासे हातातून सुटून पटावर पडेपर्यंतच्या वेळापुरते, वस्तू केलेले होतेच. फरक इतकाच की ते तिला कळले नसते. हरण्याने तो अन्याय निर्माण केला नाही, उघडा केला.

इथपर्यंत माझे मन माझ्याबरोबर येते. पुढे मात्र ते अडून बसते. ते म्हणते, ठीक आहे, अपराध दोन्हीकडे सारखा. मग लाल आले असते तर तू आज असा मजेत निबंध लिहीत बसला असतास का? तू महिनाभर झोपला नसतास, आत्याचे पाय धरले असतेस. अपराध तोच आणि पश्चात्ताप वेगळा, हे कसे? आता चेंडू लालाच्या घरात पडावा की काळ्याच्या, यात माझा काय हात होता? ज्यात माझा हात नाही त्याने माझी लायकी कशी ठरावी? परीक्षेत नक्कल करणाऱ्या दोन मुलांपैकी एक सापडतो आणि एक सुटतो. सापडलेल्याला मी वर्गाबाहेर काढतो, आणि सुटलेल्याच्या प्रगतिपुस्तकावर 'शाबास' लिहितो. हा काळ्यावर आलेला, तो लालावर आलेला. आणि शाबासकी लिहिणारा मास्तर मी. या प्रश्नाची दुसरी बाजू मला सोडवता आलेली नाही, हे कबूल केलेले बरे. मला लाज वाटते, पण हरल्यावर वाटली असती तितकी वाटत नाही, आणि ती तितकी वाटत नाही याची आणखी थोडी लाज वाटते.

एका माणसाला तितकी वाटली होती. रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की. यानेच 'जुगारी' नावाची कादंबरी 1866 साली कर्जाच्या तगाद्याखाली सव्वीस दिवसांत सांगून लिहवून घेतली, आणि लिहून घेणाऱ्या मुलीशी, अॅनाशी, पुढल्या वर्षी लग्न केले. (सव्वीस दिवस! मला एका प्रकरणाला दोन महिने लागतात, आणि माझ्यावर कर्जही आहे.) जुगाराविषयी इतके जाणणारा हा माणूस त्यानंतरही वर्षानुवर्षे जर्मनीतल्या जुगारगृहांत बायकोचे दागिने घालवीत राहिला. 1871 च्या एप्रिलमध्ये व्हीसबाडेनला त्याच्याजवळचे सारे गेले. परतीच्या भाड्यासाठी अॅनाकडून मागवलेले तीस थालेरही त्याने त्याच चाकावर घालवले. रात्री तो रशियन धर्मगुरूच्या शोधात अंधाऱ्या गल्ल्यांतून धावत सुटला. एक इमारत आपलेच चर्च वाटून तिथे गेला, तर ते यहुदी लोकांचे प्रार्थनामंदिर निघाले. तसाच परत फिरला आणि बायकोला पत्र लिहिले की, हे आता कायमचे संपले. अशी पत्रे त्याने पूर्वीही लिहिली होती. पण या वेळी ते खरे ठरले. पुढची दहा वर्षे, मरेपर्यंत, तो खेळला नाही. कोणी म्हणेल की 1872 च्या अखेरीस जर्मनीतली ती दुकानेच बंद झाली. खरे आहे, पण खेळायचेच असते तर युरोपात चाकांना तोटा नव्हता.

त्याचे तीस थालेर आणि माझे तीन हजार यांत फरक एवढाच की, त्याचे गेले. हे लिहितानाही मला ते चमत्कारिक वाटते, पण त्या रात्रीबद्दल मला त्याचा हेवा वाटतो.

कारण माझ्याकडे काय झाले ते सांगायचे राहिले आहे. द्रौपदीने वर मागितले, पांडव दास्यातून सुटले, धृतराष्ट्राने राज्य, धन, सारे काही परत दिले. झाले ते झालेच नाही, असे झाले. शेवटच्या दिवशी जे जुगाऱ्याला हवे असते, ते धर्मराजाला अक्षरशः मिळाले. आणि मग ते इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले असताना दूत मागून धावत आला, पुन्हा खेळायला बोलावले आहे म्हणून. धर्मराज परत गेला. बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास हा पण त्या दुसऱ्या डावाचा. शाळेत ही कथा सांगताना मुले इथे हमखास ओरडतात, "सर, असा कसा वेडा हा!" मीही आजवर त्यांच्याबरोबर हसत आलो.

कवळ्याहून आम्ही पणजीवरूनच परत निघालो. संध्याकाळ झाली होती. मांडवीवरचा तो उंच नवा पूल, 2019 साली खुला झालेला, त्याच्यावर गाडी चढली आणि खाली नदीत जहाजांचे दिवे लागलेले दिसले. मागे मुले झोपली होती. आत्याची पावती माझ्या खिशात होती. मेव्हणा काही बोलला नाही, मीही बोललो नाही. मी खाली बघत होतो आणि मनात हिशेब चालला होता : पाच हजार गेले, तीन आले, म्हणजे दोनचाच तोटा, दिवाळीच्या सुट्टीत दहा हजार घेऊन आलो तर—

ती मुलगी आता दहावीत आहे. तिचा वर्ग माझ्याकडे नाही. जिन्यात भेटते, 'नमस्ते सर' म्हणते आणि खाली बघून जाते. परवा मी तिला थांबवले आणि म्हणालो, "तू एकदा धर्मराजाविषयी एक प्रश्न विचारला होतास." तिला आठवत नव्हते. आठवत नाही म्हणून ती ओशाळली, आणि मी, "काही नाही, चांगला प्रश्न होता," असे म्हणून खाली उतरलो.

आत्या दर दिवाळीला सगळे अंक वाचते. मधली तीन वर्षे मी तिला वाचून दाखवीत होतो, आणि कंटाळा आला की पाने गाळीत होतो. यंदा ती म्हणते, आता मला तुझी गरज नाही, माझे मी वाचीन. हा अंक घरी येईल तो बहुधा वसुबारसेच्या आसपास. अनुक्रमणिकेत भाच्याचे नाव दिसले की ती तेच पान आधी काढील. पाडव्याला डाव मांडायचा आहे. चिंचोके तिने धुऊन वाळत घातले आहेत.